सॉफ्टवेअर निर्मितीतील शाखा-व्यवस्थापन : स्वरूप आणि दक्षता

प्रस्तावना :
मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क विकसित केल्यापासून सॉफ्टवेअर निर्मिती हा या परिसरातील एक प्रमुख व्यवसाय बनला आहे. या व्यवसायात एकाच आज्ञावलीवर अनेक अभियंते एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाचा बदल इतरांच्या कामात अडथळा न आणता नोंदविला जावा, यासाठी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली वापरतात. प्रस्तुत लेखात या प्रणालीतील शाखांचे, म्हणजेच 'ब्रँच'चे, व्यवस्थापन स्पष्ट केले आहे.

शाखेचे स्वरूप :
मूळ आज्ञावलीला धक्का न लावता तिच्या एका विशिष्ट स्थितीपासून सुरू केलेला बदलांचा स्वतंत्र प्रवाह म्हणजे शाखा होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' प्रणालीत शाखा ही सर्व फाइलींची दुसरी प्रत नसते. ती एका नोंदीकडे निर्देश करणारी छोटी खूण असते. त्यामुळे शाखा काढणे क्षणाचे काम ठरते. खरा कस लागतो तो विलीनीकरणाच्या वेळी.

विलीनीकरणाची प्रक्रिया :
प्रणाली प्रथम दोन्ही शाखांचा समाईक पूर्वज शोधते व त्याच्याशी दोन्हींची तुलना करते. एकाच शाखेत बदललेली ओळ आपोआप स्वीकारली जाते. तीच ओळ दोन्हींकडे वेगवेगळी बदलली असल्यास निर्णय माणसावर सोपविला जातो.

समाईक पूर्वजाचे महत्त्व ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रातही दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ ते १९६६ या काळात चालले. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतून वाढलेल्या पाठपरंपरांचा मूळ पाठ उपलब्ध नव्हता. तो हस्तलिखितांच्या तुलनेतून अनुमानाने ठरवावा लागला. गिटमध्ये पूर्वज नोंदलेला असतो. तथापि शाखा जितक्या अधिक काळ अलग राहतात, तितके त्यांतील अंतर येथेही वाढत जाते.

अदृश्य विसंगती :
समजा, बँकेच्या आज्ञावलीत ठेवीचा व्याजदर १२ असा साठविला आहे व गणिताच्या वेळी त्यास १०० ने भागले जाते. एका शाखेत तो ०.१२ असा साठवून जुनी गणिते दुरुस्त केली गेली. त्याच सुमारास दुसऱ्या शाखेत नव्या फाइलमध्ये १०० ने भागणारे नवे गणित लिहिले गेले. दोन्हींत एकही ओळ समान नसल्याने विलीनीकरण विनातक्रार पार पडते. परंतु नव्या गणितानुसार ठेवीदारास व्याजाचा केवळ शंभरावा भाग मिळतो. प्रणाली ओळींची तुलना करते, अर्थाची नव्हे.

निष्कर्ष :
शाखा अल्पायुषी ठेवावी, मुख्य प्रवाहातील बदल तीत वारंवार आणावेत आणि प्रत्येक विलीनीकरणानंतर संपूर्ण चाचणी घ्यावी. ग्राहकाकडील आवृत्तीत केलेली दुरुस्ती मुख्य शाखेतही नोंदवावी. अन्यथा तोच दोष पुढील आवृत्तीत पुन्हा उद्भवतो. सारांश, शाखा-व्यवस्थापनाचे यश शाखांच्या संख्येवर नव्हे, तर त्या वेळीच व डोळसपणे एकत्र आणण्यावर अवलंबून असते.