जिम रीव्ह्जचं ‘ही’ल हॅव टू गो’ मुळात त्याचं नव्हतंच!

हे गाणं आधी बिली ब्राऊननं रेकॉर्ड केलं होतं. ते चाललं नाही, म्हणून १९५९ मध्ये अमेरिकन कंट्री गायक रीव्ह्जनं हाती घेतलं. लिहिणारे जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन हे नवरा-बायको. फोनवर ऑड्री फार हळू बोलायची, रिसीव्हर तोंडाजवळ धर असं जो तिला सांगायचा, आणि तिथूनच गाणं सुचलं.

प्रसंग जिव्हारी लागणारा आहे. बारमधून एकजण प्रेयसीला फोन करतो, आणि तिच्याजवळ तेव्हा दुसराच कुणीतरी असतो. रीव्ह्ज इथे रडत नाही, आर्जवं करतानाही आवाज चढवत नाही. (सुरुवातीच्या काळात हाच माणूस चांगला खड्या आवाजात गायचा, बरं का!) माइकला अगदी खेटून, खालच्या पट्टीत गातो. मागे फ्लॉइड क्रेमरचा पियानो, व्हायब्रफोनचे मोजके सूर.

गंमत म्हणजे रेकॉर्डच्या ‘बी’ बाजूला टाकलेलं हे गाणं १९६० मध्ये अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत १४ आठवडे पहिलं होतं! १९६४ मध्ये, चाळिशीतच, विमान अपघातात रीव्ह्ज गेला. चाहते मात्र अजून त्याच्याच आवाजात हे गाणं ऐकतात. हेडफोन लावून ऐकाच.