टेकडीवरचं प्रार्थनाघर (भाग ७) : आठ भिंती कशासाठी?

या आठवड्यात इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉल गावच्या संडे स्कूलबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. सांगलीच्या एका वाचकांनी पत्रातून प्रश्न विचारला आहे आणि तो माझ्या फार आवडीचा आहे. ते विचारतात, हेप्टनस्टॉलचं हे मेथडिस्ट प्रार्थनाघर अष्टकोनी का बांधलं? सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आहे.

सैतानाची ही गोष्ट इंग्लंडात गोल घरांबद्दल सांगतात. कॉर्नवॉलमधल्या वेरियन गावची गोल घरं तर त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. अष्टकोनाला ती लावता येत नाही, कारण चौकोनी खोलीला कोपरे चार आणि हिला आठ. खरं कारण नॉरिच शहरात सापडतं. तिथे १७५६ साली प्रेस्बिटेरियन मंडळींनी एक अष्टकोनी सभागृह उभारलं. पुढच्याच वर्षी मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली ते पाहायला गेले आणि त्याच्या देखणेपणाचं त्यांनी रोजनिशीत तोंड भरून कौतुक केलं. मग रॉदरहॅम, व्हिटबी, यार्म अशी मेथडिस्टांची अष्टकोनी घरं एकापाठोपाठ उभी राहिली. १७६४ साली हेप्टनस्टॉलची पाळी आली.

नुसत्या देखणेपणावर वेस्ली भाळणारे नव्हते. मेथडिस्टांच्या १७७० च्या परिषदेत त्यांनी बांधकामाचे नियमच घालून दिले. जागा असेल तिथे अष्टकोन बांधावा, कारण आवाजाला तो सर्वांत चांगला. छताची उंची रुंदीच्या एक तृतीयांशच असावी. बाकांना पाठ नसावी, पुरुष आणि बायका वेगवेगळ्या बसाव्यात, आणि अष्टकोनासाठी नमुना म्हणून यार्मचं घर पाहावं. पैसा, आवाज आणि शिस्त यांचा इतक्या बारकाईने विचार करणारा धर्मोपदेशक मला दुसरा ठाऊक नाही.

यातला आवाजाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. त्या काळात हेप्टनस्टॉलचे मेथडिस्ट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनासाठी गावच्या सेंट थॉमस बेकेटच्या चर्चमध्येच जात. नवं घर फक्त प्रवचन ऐकायला आणि गाणी म्हणायला होतं. त्याला वेदी नको होती, वेदीकडे नेणारा लांबच लांब मधला रस्ताही नको होता. कीर्तनाला माणसं बुवांच्या भोवती दाटीने बसतात, तसे श्रोते उपदेशकाच्या जवळ बसायला हवे होते. अष्टकोनात शेवटच्या बाकावरचा माणूसही फार दूर जात नाही. वर सभोवार गॅलरी केली की आणखी माणसं मावतात.

पैशाचा हिशेबही जमतो. भिंतींची एकूण लांबी ऐंशी फूट धरली तर चौरसात ४०० चौरस फूट जागा मिळते आणि अष्टकोनात ४८३. तेवढ्याच दगडात वीस टक्क्यांहून जास्त माणसं! वर्तुळात याहूनही जास्त मावतील, पण त्यासाठी प्रत्येक दगड बाक देऊन घडवावा लागतो. अष्टकोनाच्या भिंती सरळच असतात, गवंड्याने फक्त कोपरे १३५ अंशांत साधायचे. हातमागावर लोकरीचं कापड विणून जगणाऱ्या या गावाला हा फरक लहान नव्हता.

खरी अडचण डोक्यावर होती. आठ बाजूंनी चढत जाऊन मध्यावर मिळणारं छप्पर, खाली आधाराला खांब नाही, आणि वाशांची टोकं तिरकी कापायची. असलं काम डोंगरातल्या सुताराने आधी केलेलं नसे. रॉदरहॅमच्या सुतारांनी मात्र आपल्या गावचा अष्टकोन उभा करताना ते केलं होतं. म्हणून हेप्टनस्टॉलचं छप्पर रॉदरहॅमला तयार झालं आणि सुटं करून ओझ्याच्या घोड्यांवर लादून आणलं. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर पन्नास किलोमीटरांहून जास्त भरतं, आणि वाटेत पेनाइन्स डोंगरांचा चढउतार. शेवटी हेब्डन ब्रिजच्या जुन्या पुलावरून वर येणारी दगडी वाट लागते. तिला बट्रेस म्हणतात. मोकळ्या हातांनी चढतानाही तिथे धाप लागते. लाकडं येताना गावकरी सामोरे गेले आणि गाणी म्हणत ती वर घेऊन आले, अशी आठवण गावात सांगितली जाते. मला ती पटते. या वाटांवरून घोड्यांचे तांडे नेहमीच कापड घेऊन जात. त्याच वाटेने आपल्या घराचं छप्पर येताना पाहून विणकर गप्प बसले नसतील!

वेस्लींना तर छपराची वाट पाहायचीही गरज वाटली नाही. त्याच वर्षी त्यांनी नुसत्या भिंतींच्या सांगाड्यात उभं राहून प्रवचन केलं. मागच्या भागात भेटलेल्या विल्यम डार्नी या फेरीवाल्याने आणि हॉवर्थचे धर्मगुरू ग्रिमशॉ यांनी इथे जे पेरलं, त्याला आता घर मिळालं होतं. ग्रिमशॉ मात्र १७६३ च्या एप्रिलमध्येच वारले होते.

अष्टकोनाचा एक दोष पुढे सगळ्यांनाच जाणवला. तो वाढवायचा कसा? लंडनमध्ये १७७८ साली वेस्लींनी सिटी रोडचं मोठं चॅपल उघडलं, तेही आयताकृतीच. पुढे बरेच अष्टकोन पडले किंवा विकले गेले. हेप्टनस्टॉलकरांनी १८०२ मध्ये वेगळा मार्ग काढला. एका बाजूच्या भिंती पाडल्या, दोन समांतर भिंती लांबवल्या आणि टोक पुन्हा पहिल्यासारखं बांधून घेतलं. म्हणून आजही भिंती आठच आहेत, पण आकार लांबट आहे. जाणकारांना यात मूळ आकार बिघडल्याचं वाईट वाटतं. मला वाटतं, हे ताणणं झालं म्हणूनच ते वाचलं. सलग वापरात असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या मेथडिस्ट प्रार्थनाघरांत आज त्याची गणना होते.

कवयित्री सिल्व्हिया प्लाथची कबर पाहायला मराठी वाचकही हेप्टनस्टॉलला जातात. जाणार असाल तर नॉर्थगेटच्या बाजूला वळा आणि शक्य झाल्यास बट्रेसच्या वाटेने चढा. संडे स्कूलचा भाग पुढच्या आठवड्यात देतो.