हेल गेटची कमान : भार कुणाचा, भपका कुणाचा

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवरचा हेल गेट रेल्वे पूल लांबून पाहिला, की दोन दगडी मनोऱ्यांनी पोलादी कमान दोन्हीकडून आवळून धरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मनोऱ्यांचा वरचा भाग तिला धरत नाही. तो बऱ्याच अंशी डोळ्यांच्या समाधानासाठी आहे.

या कमानीला दोन वक्र पट्ट्या आहेत. मुख्य भार वाहते ती खालची. मनोऱ्यांच्या पायथ्याशी बिजागरीवर टेकून ती सगळा रेटा पायात सोडते. वरची पट्टी कमानीला ताठ ठेवते. जड गाडी एकाच बाजूला असताना कमान वेडीवाकडी होऊ नये, हे तिचं काम. तिची टोकं मनोऱ्यांवर रेटा टाकतच नाहीत. अभियंता गुस्ताव लिंडेंथाल यांच्या मूळ आराखड्यात तिथे मोकळी फटच होती. पण लोकांना पूल अधांतरी वाटेल, म्हणून शोभेचे गर्डर घालून ती बुजवली. मनोऱ्यांना रूप दिलं वास्तुकार हेन्री हॉर्नबोस्टेल यांनी.

खरा घाम गाळावा लागला तो नजरेआड. वॉर्ड्स आयलंडच्या बाजूला पाया खणताना कातळात मोठी चीर निघाली. दाबाच्या हवेखाली काम करून ती काँक्रीटने सांधावी लागली, तेव्हा कुठे मनोरा उभा राहिला. खाली बोटींची वर्दळ आणि भरती-ओहोटीची जबर ओढ असल्याने पाण्यात टेकू उभारणं शक्य नव्हतं. मग कमानीचे दोन अर्धे भाग दोन्ही काठांवरून, मागून ताणून धरत, पुढे वाढवत नेले. १ ऑक्टोबर १९१५ रोजी ते मधोमध जुळले.

मनोऱ्यांमधलं अंतर १,०१७ फूट. १९१७ मध्ये गाड्या सुरू झाल्या. १९३१ मध्ये बेयॉन पूल होईपर्यंत जगातली सर्वांत लांब पोलादी कमान हीच होती. बेयॉनचे अभियंता ऑथमार अम्मान हेल गेटवर लिंडेंथाल यांचे सहायक होते. बेयॉनच्या टोकांनाही ग्रॅनाइटचं आवरण ठरलं होतं. खर्च वाचवण्यासाठी ते गाळलं आणि पोलादी सांगाडा उघडाच राहिला. पुढच्याच वर्षी खुल्या झालेल्या सिडनी हार्बर पुलाने मात्र हेल गेटचा कित्ता गिरवला. तिथलेही दगडी मनोरे कमान पेलत नाहीत. पाहणाऱ्याला धीर देतात, तेवढं काम त्यांना पुरेसं आहे.