चाक आणि चढ : भाग ९
पिकअपला सुपरचार्जर बसवावा का?

मे महिन्यात फळीवरून तेंदूपत्त्याचे बोद उचलणारी, किंवा सिमेंटच्या गोण्या भरून कुरखेड्याहून कोरचीकडे बेडगावचा घाट चढणारी पिकअप दुसऱ्या गिअरवर आली, की ड्रायव्हर एकच म्हणतो : गाडीत दम नाही. हल्ली मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये पिकअपचे बॉनेट उघडतो, दोन दिवसांत सुपरचार्जर बसवतो आणि गाडी उधळते. मग आपल्याकडचा तरुण मालकही विचारतो, आपल्या गाडीला का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नुसत्या ‘नको’मध्ये संपत नाही.

एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. डिझेल पंपाने कितीही ढकलता येते. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच जाते. तिला दाबून आत कोंबले तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाळता येते. सुपरचार्जरचे काम एवढेच. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्याच घराण्यातले ब्लोअर आजही सिमेंट कारखान्यांत भुकटी नळीतून ढकलतात. मोटारीत हे तंत्र रुळले ते १९२१ नंतर, मर्सिडीजच्या गाड्यांपासून.

आता त्या व्हिडिओतली गाडी नीट बघा. तिचे इंजिन बहुधा पेट्रोलचे असते, आठ सिलिंडरचे, पाच-सहा लिटरचे, आणि त्याला टर्बो नसतो. किटमध्ये नुसता ब्लोअर येत नाही. जुना इनटेक मॅनिफोल्ड काढून त्या जागी ब्लोअर बसतो, लांब पट्टा आणि नवी पुली लागते, इंजेक्टर अनेकदा मोठे घ्यावे लागतात, दाबलेली हवा थंड करायला वेगळा रेडिएटर आणि पाण्याचा पंप लागतो. शेवटी इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलावा लागतो. तो बदलला नाही आणि पेट्रोल कमी पडले, तर इंजिन ठोका देऊ लागते आणि पिस्टन फुटू शकतो. पाने फिरवण्याचे काम दोन दिवसांचे असेल, पण त्यामागे त्या एकाच इंजिनासाठी किट बनवणाऱ्याने केलेल्या चाचण्या असतात.

आपल्याकडची बोलेरो पिकअप वेगळ्या जातीची आहे. तिचे २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन कारखान्यातूनच टर्बो घेऊन येते. टर्बोही हवाच दाबतो, पण पट्ट्यावर नाही, सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने ही कल्पना १९०५ मध्ये पेटंट केली. म्हणजे सुपरचार्जर बसवणे म्हणजे एक कॉम्प्रेसर असताना दुसरा लावणे. डिझेल इंजिनात नुसती हवा वाढवून ताकद वाढतही नाही; सोबत डिझेल वाढवावे लागते. ते वाढवले की धुराचे तापमान आणि सिलिंडरमधला दाब चढतो, आणि त्याचा भार आधी हेड गॅस्केटवर, मग क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो.

त्यात आपला उन्हाळा. १५ अंशांवर एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या जवळ असते. चंद्रपूरच्या ४७ अंशांत ते १.१ किलोवर येते. म्हणजे इंजिनाने तेवढीच हवा ओढली तरी ऑक्सिजन एक दशांश कमी. ही हवा साध्या रूट्स ब्लोअरने दीडपट दाबली, तर ती ११० अंशांच्या आसपास तापते. तापली की फुगते. दाब दीडपट असूनही सिलिंडरमध्ये हवा पोचते फक्त सव्वापट, म्हणजे निम्मा फायदा उष्णतेनेच खाल्ला. इंटरकूलरने तीच हवा ७० अंशांवर आणली तर भर १.४ पटीपर्यंत जाते. शिवाय ३००० फेऱ्यांवर तो ब्लोअर फिरवायला एवढ्या इंजिनाची सात-आठ अश्वशक्ती खर्ची पडते. म्हणून माझे ठाम मत आहे की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नवा कॉम्प्रेसर शोधण्याआधी असलेल्या टर्बोला थंड आणि स्वच्छ हवा द्यावी.

ते काम मात्र घरी खरोखर होते. घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची धूळ, सूरजागडच्या वाटेवर लोहखनिजाची लाल धूळ. एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट पाहत नाही. तो दर आठवड्याला उघडून पाहा. कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात मारू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. मग टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे रबरी पाइप हाताने चाचपा. क्लिपजवळ तेलकट काळा डाग दिसला तर तिथून दाब निसटतो आहे. चढावर काळा धूर आणि दम कमी, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे इंजिन थंड असताना हलक्या पाण्याने धुवा. घाट चढून थांबल्यावर लगेच चावी फिरवू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. मिनिटभर गाडी आयडलवर ठेवली की तेल उष्णता घेऊन जाते, जळून चिकटत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा आधी काढेल, आणि मालवाहू गाडीवर घर चालणाऱ्याला तो धक्का दंडाहून मोठा असतो.

राहिला छोटा हत्ती. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसच्या ७०२ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेल इंजिनाला टर्बो नव्हता आणि ताकद होती अवघी १६ अश्वशक्ती. तिथे हवा कमी पडते ही तक्रार खरी आहे. पण ते इंजिन, त्याचा क्लच आणि गिअरबॉक्स तेवढ्याच ताकदीसाठी बेतलेले आहेत. अशा गाडीला घाटात वर नेतो तो पहिला गिअर आणि डिफरन्शियलचे दाते. त्यांचे गणित पुढच्या आठवड्यात.