‘वाकड्या वाटे’वरील पर्वतीय संगीत : एकांताच्या सिद्धान्ताची मर्यादा

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात ॲपलेचियन पर्वतराजीतून जाणाऱ्या एका मार्गास ‘द क्रुकेड रोड’, म्हणजे ‘वाकडी वाट’, असे नाव आहे. पूर्वेस रॉकी माउंट या गावापासून पश्चिमेस केंटकीच्या सीमेवरील ब्रेक्स उद्यानापर्यंत तिची लांबी सुमारे ३३० मैल भरते. हा रस्ता नव्याने बांधलेला नाही. डोंगरांतून वळणे घेत जाणारे जुनेच रस्ते एका सूत्रात गुंफून राज्याच्या विधिमंडळाने २००४ मध्ये त्यांस संगीत-वारशाचा मार्ग म्हणून मान्यता दिली. कोळसा, तंबाखू, कापड इत्यादी व्यवसायांस उतरती कळा लागलेल्या या प्रदेशात प्रवासी यावेत, हा त्यामागील एक उघड हेतू होता.

या मार्गावरील संगीत कसे टिकले, या प्रश्नास एक ठराविक उत्तर दिले जाते. डोंगराने माणसे जगापासून तोडली आणि म्हणूनच त्यांची गाणी शुद्ध राहिली, असे ते उत्तर होय. त्याला विद्वन्मान्यता मिळाली ती प्रामुख्याने सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकामुळे. १९१६ ते १९१८ या काळात शार्प यांनी मॉड कार्पेलिस यांच्यासह या पर्वतप्रदेशात हिंडून गाणी टिपली. ऑलिव्ह डेम कॅम्बेल यांच्या सहकार्याने १९१७ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात १२२ गाणी व ३२३ चाली होत्या. शार्प यांच्या निधनानंतर कार्पेलिस यांनी १९३२ मध्ये सिद्ध केलेल्या विस्तृत आवृत्तीत ही संख्या २७४ गाणी व ९६८ चाली येथवर पोचली. इंग्लंडात विरळ होत चाललेली कथागीते येथे तोंडपाठ आढळली, ही गोष्ट निःसंशय महत्त्वाची होती. तिच्यावरून शार्प यांनी असे अनुमान केले की, येथील समाज म्हणजे जुन्या ग्रामीण इंग्लंडचाच जतन झालेला अंश होय.

हा युक्तिवाद भाषेच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. ॲपलेचियन बोली ही एलिझाबेथकालीन इंग्रजी होय, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. या बोलीत काही जुनी रूपे आहेत हे खरे. परंतु जुनी रूपे नाहीत अशी बोलीच सापडणार नाही. शिवाय अनेकवचनी नामाच्या पुढे क्रियापदास एकवचनी प्रत्यय लावण्याची येथील लकब स्कॉटलंड व आयर्लंडचा अल्स्टर प्रांत यांच्याकडे बोट दाखविते. अठराव्या शतकात अल्स्टरकडील वसाहतकार व जर्मन कुटुंबे फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या महामार्गाने या खोऱ्यांत उतरली. तात्पर्य, बोलीची घडण स्थलांतराने झाली. आणि जे बोलीचे तेच संगीताचे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वाद्ये. ‘बँजो’ म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतील कळपट्टीचे वाद्य येते, ते निराळे. येथील बँजोस ढोलकासारखे कातडे मढविलेले अंग, लांब दांडी आणि आखूड अशी पाचवी तार असते. ती तार अंगठ्याने छेडली जाऊन एकच स्वर पुनःपुन्हा घुमवीत राहते. या वाद्याचे पूर्वरूप भोपळ्याचे होते आणि ते गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर आले. टॉमस जेफर्सन यांनी व्हर्जिनियाविषयीच्या १७८५ मध्ये प्रथम छापलेल्या आपल्या ग्रंथात याची स्पष्ट नोंद केली आहे. फिडल, म्हणजे लोकवादकांचे व्हायोलिन, युरोपातून आले. मांडीवर ठेवून वाजविण्याच्या डल्सिमरचे मूळ जर्मन वाद्यात आहे. गिटार तर रेल्वे व टपालाने माल धाडणाऱ्या दुकानांच्या काळात डोंगरात रुळली. फिडल व बँजो यांची जी जोडी आज पर्वतीय संगीताची खूण मानली जाते, तीच मुळी दोन खंडांच्या भेटीतून निपजलेली आहे. शार्प यांचे लक्ष मुख्यतः कथागीतांवर असल्याने वाद्यसंगीत, धर्मगीते व कृष्णवर्णीय गायकांचा वाटा यांस त्यांच्या संग्रहात अल्प स्थान मिळाले.

हीच निवड पुढे ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने वेगळ्या रीतीने केली. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर यांनी ब्रिस्टल या सीमेवरील नगरात ध्वनिमुद्रणे केली. त्यांतून कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची नावे देशभर झाली. तत्कालीन कंपन्या गोऱ्या व काळ्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका निरनिराळ्या मालिकांत विकत असत. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र अशी भिंत नव्हती. ए. पी. कार्टर गाणी गोळा करण्यास निघत, तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक अनेकदा सोबत असत. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल स्मरणात साठवीत. परंतु ध्वनिमुद्रिकांवर नाव झळकले ते कार्टर यांचे.

या पार्श्वभूमीवर आजच्या मार्गाकडे पाहावे लागते. फ्लॉइड येथील दुकानात शुक्रवारी रात्री फिडल-बँजोच्या साथीवर लोक नाचतात. गॅलॅक्स येथे १९३५ पासून फिडलवादकांचा मेळावा भरत आला आहे. हिल्टन्स येथे जॅनेट कार्टर यांनी १९७४ मध्ये वडिलांच्या जुन्या दुकानात कार्यक्रम सुरू केले. तेथे विजेवर चालणारी वाद्ये वर्ज्य ठरविण्यात आली. हा नियम परंपरेच्या रक्षणार्थ आहे, यात शंका नाही. तथापि जी गिटार तेथे प्रमाण मानली जाते, तीही एके काळी डोंगरात नवखीच होती. परंपरेची सीमारेषा कोणीतरी, कोणत्या तरी क्षणी आखलेली असते. ती आखणाऱ्याचा हेतू तपासल्याशिवाय केवळ गाण्याच्या जुनेपणावर विसंबता येत नाही.

नकाशावर एक मार्ग ठळक झाला की, त्याच्या कडेचे संगीत ‘अस्सल’ ठरते आणि दूरच्या खोऱ्यातील अथवा दुसऱ्या वर्णाच्या वस्तीतील संगीत नकळत मागे पडते. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाने म्हणून प्रत्येक संग्रहाविषयी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : कोणाचा आवाज टिपला गेला, आणि चाल ज्याच्या कंठातून वा बोटांतून आली त्याचे नाव लिहिले गेले काय? ‘वाकड्या वाटे’वरील गाणी आज ऐकू येतात ती माणसे सतत वाटेवर होती म्हणून. ती वाट कोणाकोणाच्या पावलांनी मळली, हे नोंदविण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.