चषक कोलकात्याचा, गोल्डन बॉल दुसऱ्याचा

दक्षिण कोलकात्यातील बालीगंजला लागून असलेल्या रवींद्र सरोवर स्टेडियमवर १० डिसेंबर २०१६ रोजी इंडियन सुपर लीग, अर्थात आयएसएल फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. सॉल्ट लेकचे विवेकानंद युवभारती क्रीडांगण २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी दुरुस्तीला काढले असल्याने त्या हंगामात ॲटलेटिको दी कोलकाता संघाला या छोटेखानी मैदानाचा आसरा घ्यावा लागला होता. समोर होता साखळीत अव्वल ठरलेला मुंबई सिटी एफसी. कोलकात्याने ३-२ असा विजय मिळवला आणि त्यातील दोन गोल कॅनडाच्या आयन ह्यूमचे होते. मुंबईचा कर्णधार दिएगो फोर्लान याला उत्तरार्धात दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि त्याला मैदान सोडावे लागले.

मुंबईतील परतीचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यानंतर १८ डिसेंबरला कोची येथे केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-३ असे नमवून कोलकात्याने चषक जिंकला. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र त्या विजेत्या संघातील कोणालाही मिळाला नाही. तो दिल्ली डायनॅमोजच्या फ्लोरां मालुदा याला देण्यात आला. दिल्लीचा संघ उपांत्य फेरीतच बाद झाला होता आणि त्या सामन्याच्या शूटआऊटमध्ये खुद्द मालुदाचीच पेनल्टी वाया गेली होती.

एका हंगामातील हा अपवाद म्हणून हा प्रकार सोडून देता आला असता. परंतु २०१४ ते २०२४-२५ या ११ हंगामांची यादी पाहिली, तर अपवादाचाच नियम झालेला दिसतो. प्रारंभी ‘हीरो ऑफ द लीग’ आणि पुढे ‘गोल्डन बॉल’ या नावाने दिला गेलेला हा पुरस्कार चषकविजेत्या संघातील खेळाडूला केवळ एकदाच मिळाला आहे. २०१५ मध्ये चेन्नईयिन एफसीने चषक जिंकला आणि त्याच संघाच्या स्टीव्हन मेंडोझाने १३ गोलांसह हा मानही पटकावला. उरलेल्या दहा हंगामांत चषक एका शहरात गेला आणि पुरस्कार दुसऱ्या शहरात.

कोलकात्याच्या बाबतीत तर हा योगायोग अधिकच ठळक आहे. तेथील क्लबांनी २०१४, २०१६, २०१९-२०, २०२२-२३ आणि २०२४-२५ असे पाच वेळा चषक जिंकले. या पाचही हंगामांत सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्या संघाचा ठरला: अनुक्रमे केरळचा ह्यूम, दिल्लीचा मालुदा, गोव्याचा ह्युगो बुमूस, मुंबईचा लालियानझुआला छांगटे आणि नॉर्थईस्ट युनायटेडचा अलाएद्दिन अजाराई. याउलट २०२०-२१ मध्ये रॉय कृष्णा आणि २०२३-२४ मध्ये दिमित्री पेट्राटोस या कोलकात्याच्या खेळाडूंना गोल्डन बॉल मिळाला, तेव्हा दोन्ही वेळा अंतिम सामन्यात त्यांचा संघ पराभूत झाला होता. आणि दोन्ही वेळा त्यांना हरवणारा संघ होता मुंबई सिटी!

साखळी आणि बाद फेरी

या विसंगतीचे पहिले कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. या अकरा हंगामांत आयएसएलमध्ये आधी साखळी सामने होत आणि त्यातील वरचे संघ बाद फेरीत जात. चषकाचा निकाल बाद फेरीतील मोजक्या सामन्यांत लागत असे. खेळाडूची कामगिरी मात्र अनेक महिन्यांच्या साखळीतून डोळ्यांत भरते. २०१९-२० पासून साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला ‘लीग शिल्ड’ ही स्वतंत्र ढाल दिली जाऊ लागली. ही ढाल आणि गोल्डन बॉल यांची सांगड घातली, की चित्र पुष्कळसे स्पष्ट होते. २०१९-२० मध्ये गोवा आणि बुमूस, २०२१-२२ मध्ये जमशेदपूर आणि ग्रेग स्टुअर्ट, २०२२-२३ मध्ये मुंबई आणि छांगटे, २०२३-२४ मध्ये मोहन बागान आणि पेट्राटोस. सहा हंगामांपैकी चारमध्ये ढाल आणि पुरस्कार एकाच संघाकडे गेले. म्हणजे हा पुरस्कार चषकाच्या नव्हे, तर साखळीच्या मापाने मोजला जातो, असे मानायला जागा आहे.

हा केवळ भारतातील प्रकार नव्हे. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये सर्वाधिक मौल्यवान खेळाडूची निवड नियमित हंगामातील कामगिरीवरूनच होते. २०२४ मध्ये लिओनेल मेस्सीने १९ सामन्यांत २० गोल केले आणि हा पुरस्कार मिळवला. त्याचा इंटर मायामी संघ मात्र बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात अटलांटा युनायटेडकडून हरला. २०२५ मध्ये मेस्सीने पुन्हा तोच पुरस्कार घेतला, आणि त्या वेळी चषकही मायामीकडे आला.

विश्वचषकातही १९९८ ते २०१८ या सलग सहा स्पर्धांत गोल्डन बॉल विजेत्या संघाबाहेर गेला. २००२ मध्ये जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याची निवड अंतिम सामन्यापूर्वीच्या मतदानातून झाली आणि त्याच अंतिम सामन्यात त्याच्या हातून निसटलेल्या चेंडूवर ब्राझीलच्या रोनाल्डोने पहिला गोल केला. २०१० मध्ये हा पुरस्कार चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या उरुग्वेच्या फोर्लानला मिळाला. रवींद्र सरोवरच्या मैदानावरून लाल कार्ड घेऊन बाहेर पडलेला फोर्लान तो हाच.

एकावर भिस्त नसलेला संघ

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. ‘सर्वोत्तम’ आणि ‘सर्वाधिक मौल्यवान’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. सर्वोत्तम खेळाडू कोण, हे त्याच्या खेळावरून ठरते. मौल्यवान कोण, हे ठरवायचे तर तो नसता तर संघाचे काय झाले असते, असा प्रश्न विचारावा लागतो.

२०१६ चा कोलकाता संघ या प्रश्नाचा उत्तम नमुना आहे. साखळीतील १४ सामन्यांत त्यांनी केवळ ४ विजय मिळवले, ८ सामने बरोबरीत सोडवले आणि २० गुणांसह चौथे स्थान गाठले. मुंबईतील उपांत्य सामन्यासाठी प्रशिक्षक होसे मोलिना यांनी आदल्या सामन्यातील संघात तब्बल ९ बदल केले, आणि एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेल्यावरही दहा जणांनी बरोबरी राखली. अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल सेरेनो या बचावपटूने केला. शूटआऊटमध्ये ह्यूमची पहिलीच पेनल्टी अडवली गेली. नंतर गोलरक्षक देबजित मजुमदारने पायाने अडवलेल्या चेंडूने डाव फिरवला आणि निर्णायक गोल ज्युएल राजाने नोंदवला. अशा संघातून मौल्यवान म्हणून एक नाव काढणे जवळपास अशक्यच होते. नऊ जण बदलूनही ज्याचे काही बिघडत नाही, त्या संघाचे बळ कोणा एका खेळाडूत शोधून सापडत नाही.

तेच मोलिना २०२४-२५ मध्ये मोहन बागान सुपर जायंटचे प्रशिक्षक होते. या संघाने २४ सामन्यांत विक्रमी ५६ गुण मिळवून ढाल राखली आणि १२ एप्रिल २०२५ रोजी सॉल्ट लेकवर बंगळूरुला जादा वेळेत २-१ असे हरवून चषकही जिंकला. तरीही गोल्डन बॉल मिळाला तो बाद फेरीत जमशेदपूरकडून ०-२ असा पराभूत झालेल्या नॉर्थईस्टच्या अजाराईला.

आकडे काय सांगतात?

अजाराईची बाजू निर्विवाद भक्कम आहे. मोरोक्कोच्या या आघाडीपटूने २५ सामन्यांत २३ गोल केले आणि आणखी ७ गोलांसाठी अखेरचा पास दिला. त्याआधी एका हंगामातील सर्वाधिक गोलांचा विक्रम १८ चा होता. फेरान कोरोमिनास आणि बार्थोलोम्यू ओग्बेचे यांच्या नावावरील हा विक्रम त्याने एकदम ५ गोलांनी मोडला. नॉर्थईस्टच्या साखळीतील एकूण गोलांपैकी साधारण निम्मे त्याच्या एकट्याच्या पायातून आले. तो नसता तर हा संघ बाद फेरीत पोचला असता का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार डोके खाजवावे लागत नाही.

मोहन बागानकडे अशा एका नावाऐवजी तीन-चार नावे होती. आघाडीपटू जेमी मॅक्लारेनने अंतिम सामन्यातील विजयी गोलासह १२ गोल केले, म्हणजे अजाराईच्या जेमतेम निम्मे. गोलरक्षक विशाल कैथ, जो पूर्वी एफसी पुणे सिटीकडून खेळत असे, त्याने १५ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही आणि गोल्डन ग्लोव्ह मिळवला. कर्णधार शुभाशिष बोस हा मुंबई सिटीकडून दोन हंगाम खेळून बंगालमध्ये परतलेला डाव्या बगलेचा बचावपटू. बचाव सांभाळून त्याने ६ गोलही केले. आणि पेट्राटोस? त्या हंगामात त्याचे गोल मोजकेच होते. परंतु ओडिशाविरुद्ध २३ फेब्रुवारी २०२५ रोजी भरपाई वेळेत केलेल्या त्याच्या एकमेव गोलाने ढालीवर शिक्कामोर्तब झाले. गोलांच्या तक्त्यात तो गोल इतर गोलांसारखाच एक म्हणून मोजला जातो. ५-० अशा आघाडीत केलेला पाचवा गोल आणि बरोबरीचे विजयात रूपांतर करणारा शेवटच्या क्षणाचा गोल यांतील फरक तक्ता दाखवत नाही.

आकड्यांची आणखी एक मर्यादा अशी, की समान आकडेही समान नसतात. २०२०-२१ मध्ये रॉय कृष्णा आणि गोव्याचा इगोर अंगुलो या दोघांचेही १४ गोल होते. कमी मिनिटांत ते केल्याने गोल्डन बूट अंगुलोला गेला. गोल्डन बॉल मात्र कृष्णाला मिळाला, कारण सहकाऱ्यांसाठी त्याने रचलेल्या संधी अधिक होत्या. पेट्राटोसचा प्रवास तर याहून गमतीदार आहे. २०२२-२३ मध्ये त्याने १२ गोल केले, अंतिम सामन्यात पेनल्टीवर दोन गोल नोंदवून संघाला चषकही मिळवून दिला, आणि पुरस्कार छांगटेला गेला. पुढच्या हंगामात त्याचे गोल १० वर आले, अंतिम सामना हातचा गेला, आणि पुरस्कार त्याला मिळाला.

छांगटेची निवड चुकीची होती, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईने २०२२-२३ मध्ये साखळी गाजवली आणि त्यात त्याचे १० गोल व ६ साहाय्ये होती. पेट्राटोसच्या गोलांत पेनल्टीचा वाटा मोठा होता, तर छांगटे बगलेवरून धावत येऊन गोल करत होता. पेनल्टीचा गोल कमी मोलाचा धरावा की अंतिम सामन्यातील दडपण लक्षात घेऊन अधिक, यावर दोन जाणकारांचे एकमत होणे कठीण.

भारतीय खेळाडूंचे काय?

या चर्चेत खरोखर पणाला काय लागते, हे पाहायचे तर विजेत्यांच्या यादीकडे पुन्हा एकदा वळावे लागते. अकरा हंगामांत हा पुरस्कार मिळवणारे भारतीय दोनच: २०१७-१८ मध्ये सुनील छेत्री आणि २०२२-२३ मध्ये छांगटे. दोघेही गोल करणारे. अकराही विजेत्यांत एकही गोलरक्षक वा बचावपटू नाही. आयएसएलमधील क्लब आघाडीच्या जागा बहुधा परदेशी खेळाडूंना देतात, तर गोलरक्षण आणि बगलेचा बचाव बव्हंशी भारतीयांकडे असतो. तेव्हा गोल हेच माप धरले, की भारतीय खेळाडूंपैकी बहुतेक जण स्पर्धेत उतरण्यापूर्वीच शर्यतीबाहेर जातात. पुरस्काराचा परिणाम पुढील करारावर आणि क्लबच्या मागणीवर होतो, हे लक्षात घेता ही केवळ मानाची बाब उरत नाही.

जगभरही परिस्थिती फारशी निराळी नाही. बॅलन डी’ओर मिळवणारा गोलरक्षक आजवर एकच, १९६३ मधील सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन.

या बाबतीत कोल्हापूरच्या पेठांतील फुटबॉलने एक साधा मार्ग शोधला आहे. शाहू स्टेडियमवरील स्पर्धांत मालिकावीराबरोबर उत्कृष्ट फॉरवर्ड, हाफ, डिफेन्स आणि गोलकीपर अशी वेगवेगळी बक्षिसे देण्याची प्रथा आहे. तालमींचे समर्थक त्यावरूनही हमरीतुमरीवर येतात, हा भाग वेगळा. पण गोलरक्षकाची तुलना निदान गोलरक्षकाशी होते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२४-२५ साठी सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणून शुभाशिष बोसची निवड केली आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान विशाल कैथला दिला. महासंघाचा पुरस्कार भारतीय खेळाडूंपुरता असल्याने तेथे अजाराईशी त्यांची तुलना झाली नाही. परंतु त्याच हंगामात १४ गोल करणारा सुनील छेत्री मैदानात असताना कौल एका बचावपटूला मिळाला.