नळाचा दाबही मोजायला हवा

घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब आपण नियमाने मोजतो, साखर तपासतो, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवतो. त्या गोळ्या ज्या पाण्याबरोबर घेतल्या जातात, ते पाणी आपल्या नळापर्यंत कोणत्या वाटेने आले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तालुक्याच्या गावी, लहान शहरांत नळाला पाणी दिवसाआड येते, कोठे चार दिवसांनी, आणि आले तरी तास-दीड तासच. या पद्धतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की पाणी कमी येते एवढीच आपली तक्रार असते. खरी तक्रार वेगळी असायला हवी. पाणी येत नसते त्या काळात जमिनीखालच्या वाहिनीत जे घडते, त्याचा संबंध थेट आपल्या पोटाशी आहे.

जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी बहुधा स्वच्छ असते. तुरटीने गाळ खाली बसवलेला असतो, वाळूच्या थरांतून ते गाळलेले असते, त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. उंच टाकीतून ते वितरणवाहिनीत सोडले की वाहिनीत दाब निर्माण होतो. दाब आहे तोवर एखाद्या सांध्यातून गळती असली तरी पाणी आतून बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. व्हॉल्व बंद झाला की चित्र पालटते. सखल भागातले नळ उरलेले पाणी खेचून घेतात, वाहिनी रिकामी होऊ लागते, आणि रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत पोकळी तयार होते. मग ज्या भेगेतून पाणी बाहेर झिरपत होते, त्याच भेगेतून भोवतालचा ओलावा आत ओढला जातो. आपल्या गल्लीत नळजोडणीची जुनी लोखंडी नळी गटाराला छेदून घरात शिरते की नाही, हे एकदा वाकून पाहा. बहुतेक ठिकाणी ती शिरतेच, आणि गंजते तीही नेमकी तेथेच.

यात भर घालतो तो आपण नळाला लावलेला विजेचा पंप. शेजाऱ्याने लावला म्हणून आपणही लावतो. पंप वाहिनीतले पाणी खेचतो तेव्हा दाब आणखी घसरतो, आणि गळक्या सांध्यातून जे आत यायचे ते अधिक जोराने येते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या नळाला पाण्याऐवजी नुसती हवा येते, ती निराळीच.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि शेजारच्या भागांत जुनी पद्धत चालू राहिली. अभ्यासकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. पाणी एकाच स्रोताचे आणि सारखेच शुद्ध केलेले होते. तरी ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू आढळले, तर अखंड पुरवठ्याच्या भागात ते प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. पाणी नुकतेच सुटते त्या वेळच्या पहिल्या लोंढ्यात दूषितपणा अधिक असतो, हेही दिसून आले. पुढे आजारांचीही तुलना झाली. पाच वर्षांखालील मुलांच्या साध्या जुलाबांत एकंदरीने मोठा फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, कारण जुलाबाला पाण्याखेरीज इतरही वाटा असतात. परंतु अखंड पाण्याच्या भागात टायफॉइड झालेली कुटुंबे सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होती, आणि गरीब घरांतील मुलांमध्ये रक्त पडणारे जुलाब कमी होते.

वयोवृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. तरुणाला दोन दिवस जुलाब झाले तर तो अशक्त होतो व उठून कामाला लागतो. सत्तरीच्या माणसाची तहान मुळातच मंदावलेली असते, शरीरातला पाण्याचा साठा कमी असतो, मूत्रपिंडांची शक्ती उतरलेली असते. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर झपाट्याने कोरडे पडते, उभे राहताच भोवळ येते आणि माणूस पडतो. म्हणून ज्येष्ठांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या की मीठ-साखरेची जलसंजीवनी लगेच सुरू करावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या घ्यायच्या, कोणत्या थांबवायच्या हे विचारावे. मधुमेहाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर उशीर करूच नये.

जंतूंखेरीज आणखी एक झीज आहे, जिची नोंद कोणत्याही रुग्णालयात होत नाही. पाणी पहाटे चारला येणार म्हणून आजी तीनपासून जागी असते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन सोडून पंधरा किलो. हाडे ठिसूळ झालेल्या वयात तो ओल्या फरशीवरून उचलायचा, उंबरठा ओलांडायचा. आणि एवढ्या कष्टाने भरलेले पाणी पुरवून वापरायचे म्हणून, शिवाय शौचालयात ओतायला पाणी लागेल म्हणून, ती दिवसभर कमी पाणी पिते. मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, दुपारची ग्लानी. वय झाले, असे म्हणून आपण ते सोडून देतो. पिंपांत साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, हे तर आता सर्वांना ठाऊक आहे.

यावर अभियांत्रिकीकडे उत्तर आहे आणि ते नवेही नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे टॉमस हॉक्सले या अभियंत्याने १८३१ मध्येच वाहिनी सदैव दाबाखाली ठेवणारा पुरवठा उभारला होता. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूर या छोट्या शहराने कोयनेच्या पाण्यावर चोवीस तासांची योजना राबवून दाखवली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तेथे काय केले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात अद्भुत असे काही नाही. सांधे कमी असलेल्या आधुनिक प्लास्टिकच्या वाहिन्या टाकल्या, घरगुती जोडण्या बदलल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, आणि जितका वापर जास्त तितका पुढच्या टप्प्याचा दर चढा ठेवला.

ही सुधारणा सगळ्या शहरात एका रात्रीत होत नाही. शहराचे छोटे विभाग पाडावे लागतात. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसतो. मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास, सारे झोपलेले असताना, त्या मीटरमधून किती पाणी वाहते ते पाहिले जाते. त्या वेळी वापर जवळजवळ शून्य असायला हवा. तरीही काटा जोरात फिरत असेल तर ते पाणी जमिनीत मुरत असते. मग गळती शोधायची, दुरुस्त करायची, पुन्हा मोजायचे. ताप मोजत औषध देण्यासारखेच हे चिकाटीचे काम आहे. पुष्कळ नगरपरिषदा ही पायरी गाळून नवी उंच टाकी बांधतात, कारण टाकीचे उद्घाटन करता येते, बुजवलेल्या भेगेचे येत नाही.

मीटर म्हटले की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वाचकांच्या मनात धास्ती उभी राहते, आणि प्रभागाच्या बैठकीत मीटरला सर्वांत ठाम विरोध पुष्कळदा ज्येष्ठांचाच असतो. ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण दोन माणसांच्या घराचा वापर थोडा असतो आणि टप्प्यांच्या दरात असे घर बहुधा खालच्या टप्प्यातच राहते. आज एकाच ठोक पाणीपट्टीत तेच घर बाग भिजवणाऱ्या आणि गाड्या धुणाऱ्या बंगल्याइतके पैसे देत असते. ‘चोवीस तास पाणी दिले तर लोक वाया घालवतील’ हाही आक्षेप ऐकू येतो. वाया तर आत्ताही जातेच. ताजे पाणी आले की काल भरलेले ‘शिळे’ पाणी आपण अंगणात ओततोच ना? झाकलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नसते; त्यात बुडालेला हात ते बिघडवतो. नळ केव्हाही सोडता येतो असा भरवसा बसला की साठवण आपोआप कमी होते.

आपल्या गावी ही सुधारणा होईपर्यंत काळजीवाहकांनी घरी काय करावे? पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी धुण्या-भांड्यांसाठी धरावे. पिण्याचे नंतर भरावे. घरातील ज्येष्ठांना पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळून, त्याच भांड्यात झाकून निववून द्यावे. महागडे शुद्धीकरण यंत्र असले तरी त्यातून निघालेले पाणी उघड्या कळशीत साठवले तर खर्च फुकट जातो. पिंपाला तोटी असावी, नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे. हात आत जाता कामा नये. पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावीत. पाणी भरण्याचे काम घरातल्या तरुणाने करावे आणि नळाजवळ पायपुसणे व धरायला कठडा असावा. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते पाळावे. इतरांनी दिवसभर थोडेथोडे पाणी पीत राहावे.

पाण्यातील क्लोरीन तपासण्याची साधी ‘ओटी टेस्ट’ असते: पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास ते पिवळसर होते. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर घेतली तर उत्तर बहुधा समाधानकारक येते. नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्याला ती वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी, पाणी सुटताच, आपल्यासमोर घ्यायला सांगा. रंग फिका राहिला तर तारीख, वेळ आणि घराचा पत्ता लिहून लेखी अर्ज द्या आणि त्याच अर्जात विचारा, की आपल्या विभागाचा रात्रीचा प्रवाह शेवटचा केव्हा मोजला होता.